नळाला पालिकेचं पाणी, टीडीएस ९२. तरी आरओ घ्यायचा का?

चौकस४१
ठिकाण कोथरूड, पुणे. प्यायला फक्त पालिकेचं पाणी, बोअरची लाइन संडास-बागेसाठी वेगळी. सोसायटीच्या गेटवर ‘मोफत पाणी तपासणी’चं टेबल लागलंय आणि तीच मंडळी आता घरोघर फिरताहेत. तीन गोष्टी दाखवतात.

टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये): नळाचं पाणी ९२, त्यांच्या मशीनचं १४. मग सळयांचं यंत्र: दोन ग्लासांत सळया बुडवून वीज लावतात, मिनिटा-दोन मिनिटांत नळाचं पाणी हिरवट-काळं होतं, वर गाळाचा थर येतो. त्यांचं पाणी जसंच्या तसं. शेवटी कसलेतरी थेंब: नळाचं पाणी पिवळं, त्यांचं पांढरं स्वच्छ. आणि मग ‘हेच तुमची मुलं पितात’ हे वाक्य.

छापील किंमत २१,०००, ‘आज बुक केलं तर’ १३,५००, जुना कँडलचा फिल्टर दिला तर आणखी १,५०० कमी. हा प्रयोग लबाडीचा आहे, की पाण्यात खरंच काहीतरी आहे? आणि आरओ नको तर मग नेमकं काय हवं?

रसायनी
प्रयोग खरा, त्याचा लावलेला अर्थ खोटा. एकेक घेऊ.

सळया. त्या यंत्रात प्रत्येक ग्लाससाठी एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची सळई असते. पाण्यात विरघळलेले क्षार असले की वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड तयार होतं: आधी हिरवट, हवा लागली की तांबूस-काळपट. म्हणजे दिसणारा गाळ पाण्यातला नाही, सळईचा आहे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून काहीच घडत नाही. पडताळा घ्यायचाय? त्यांच्या त्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता लावा वीज. तोही ग्लास तितकाच घाण होईल. बहुतेक वेळा इथेच टेबल आवरायला सुरुवात होते. एक सूचना मात्र: ही यंत्रं थेट घरच्या सॉकेटवर चालतात. वीज चालू असताना ग्लासाला हात लावू नका आणि पोरांना लांब ठेवा.

थेंब. ते ऑर्थोटोलिडिन. क्लोरीन ओळखायचा तो अभिकर्मक आहे. पाणी पिवळं झालं म्हणजे पालिकेने टाकलेला क्लोरीन तुमच्या नळापर्यंत शिल्लक पोहोचला. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे शेवटच्या नळाला तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायलाच हवा. म्हणजे तुम्हाला भीती घालायला जो पिवळा रंग दाखवला, तीच खरं तर चांगली बातमी होती. मशीनचं पाणी पिवळं होत नाही कारण आत कार्बनचा फिल्टर आहे, तो क्लोरीन खाऊन टाकतो. (थेंब टाकलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या. ते रसायन पोटात जाण्यासारखं नाही.)

मीटर. हे मीटर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि तो आकडा ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका गुणकाने गुणून ‘टीडीएस’ म्हणून दाखवतं. त्याला जंतू दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही, शिसं दिसत नाही. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्याच्या दहापट आर्सेनिक असलं तरी ९२ चा ९३ सुद्धा होणार नाही. आणि गटाराचं पाणी थोडंसं मिसळलं तर ९२ चे ९८ होतील, तेवढ्याने कोण दचकतंय?

त्याच मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर टीडीएसला आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. त्यांच्या मते ६०० च्या खाली पाणी चवीला चांगलं, हजाराच्या वर ते नकोसं होत जातं. ९२ म्हणजे धरणाचं गोडं पाणी.

मुद्दा एवढाच की त्यांचं मशीन जे बदलू शकतं तेच ते मोजून दाखवतात. तुम्ही कशाने आजारी पडाल ते मोजत नाहीत.

ताकपिठ्या
पुढच्या वेळी मीटरवाला आला की त्याला शहाळ्याच्या पाण्यात मीटर बुडवायला सांगा. दोन हजारांच्या पुढे जाईल. मीठ घातलेल्या ताकात तर आकडाच मावणार नाही. मग विचारा, आजारी माणसाला शहाळं द्यायचं की नाही?

पंपगल्ली
आता मशीनच्या पोटात काय असतं ते बघा, म्हणजे ‘९ स्टेज शुद्धीकरण’ची मजा कळेल.

बाहेर एक स्पन (५ मायक्रॉनचा दोऱ्याचा गोळा), आत सेडिमेंट, मग कार्बन, २४ व्होल्टचा पंप, मेंब्रेन (क्षार अडवणारा आरओचा पडदा), मागे पोस्ट कार्बन, यूव्हीची (जंतू मारणाऱ्या अतिनील प्रकाशाची) ११ वॅटची नळी, यूएफ (जंतू अडवणारी बारीक गाळणी). वर ‘मिनरल’, ‘अल्कलाइन’, ‘कॉपर’ अशा बोटभर काड्या. प्रत्येक काडी म्हणजे एक स्टेज. या मशीनचं मुख्य काम करणाऱ्या गोष्टी तीनच: गाळ अडवणारी, क्लोरीन काढणारी आणि मेंब्रेन. बाकीच्या बऱ्याचशा आधीच्या वस्तूने केलेलं नुकसान भरून काढायला असतात.

ते कसं ते सांगतो. ९२ चं पाणी मेंब्रेनमधून आलं की १०-१५ वर येतं आणि बेचव लागतं. गिऱ्हाईक तक्रार करतं. मग मेकॅनिक आतला ‘टीडीएस कंट्रोलर’ उघडतो. ही साधी सुईची तोटी आहे, मेंब्रेनला वळसा घालून कच्चं पाणी पुन्हा चांगल्या पाण्यात मिसळते. १४ चे ५० होतात आणि ‘मिनरल वाढवले’ असं सांगितलं जातं. म्हणजे क्षार काढायला पैसे, परत घालायला पैसे. आणि मेंब्रेनचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं, बऱ्याचदा पीएच ६ ते ६.५ च्या आसपास. त्यावर उतारा म्हणून अल्कलाइन कार्ट्रिज, ८०० ते १,२०० रुपये, वर्षाला एक. पहिल्या खरेदीने तयार केलेली अडचण दुसऱ्या खरेदीने सोडवायची, असा तो धंदा.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. क्लोरीन काढलेलं पाणी मशीनच्या ७-८ लिटरच्या टाकीत दिवस-दिवस पडून असतं. त्याला आता जंतूंपासून संरक्षण नाही. गावाला आठवडाभर गेलात की टाकीच्या आतून बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. दर तीन महिन्यांनी टाकी सोडून धुवायची असते. एएमसीतला (वार्षिक देखभाल करारातला) मुलगा स्पन बदलून, सही घेऊन जातो.

खर्च. मशीन १२,०००. पहिलं वर्ष वॉरंटी, मग वर्षाला ४,००० ते ५,००० ची एएमसी. पाच वर्षांत ३० हजार धरा. सुटे भाग बाजारात घेतले तर स्पन १०० रुपयांच्या आसपास, सेडिमेंट आणि कार्बन प्रत्येकी २५०-३५०, मेंब्रेन १,२०० ते २,०००, आणि ९२ टीडीएसवर मेंब्रेन तीन वर्षं आरामात चालते. बऱ्याच मशीनमधला ‘फिल्टर बदला’ दिवा फिल्टर बघून पेटत नाही, तास किंवा लिटर मोजून पेटतो. पावसाळ्यात स्पन दीड महिन्यातच चॉकलेटी होतो तेव्हा तो गप्प, आणि उन्हाळ्यात फिल्टर पांढरा असतानाही टूं-टूं.

पाणी वाया जातं ते वेगळंच. घरगुती मशीनमध्ये एक लिटरमागे साधारण तीन लिटर मोरीत. दिवसाला १५ लिटर पिण्या-स्वयंपाकाचं धरलं तर ४५ लिटर, वर्षाला १६,००० च्या वर. धरणातलं पाणी जलशुद्धीकरण केंद्रात साफ करून, चार मजले चढवून, तीन हिश्शे ओतून द्यायचं.

चौकस४१
सगळं पटलं. पण मग यूव्ही घ्यायचा, उकळायचं, की काहीच नाही? एप्रिल-मेमध्ये पालिकेचं पाणी कमी पडलं की सोसायटी टँकर मागवते. तेव्हा काय?

पाणतपासनीस
आधी तपासा, मग विकत घ्या. क्रम उलटा झाला की टेबलवाल्याचं फावतं.

नमुना तीन ठिकाणी घ्यायचा: पालिकेची लाइन तळटाकीत पडते तिथे, गच्चीवरच्या टाकीच्या आउटलेटला, आणि तुमच्या ओट्याच्या नळाला. एकाच ठिकाणचा नमुना घेतला तर दोष आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही.

प्रत्येक ठिकाणी दोन तपासण्या. एक तुम्ही बघितलेलीच, क्लोरीनचे थेंब. किट दुकानात स्वस्तात मिळतं, सोबत रंगपट्टी असते. फिकट पिवळा आला की ठीक. दुसरी एच२एसची बाटली, जंतूंसाठी. आत औषध लावलेली पट्टी असते. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, पाणी दोन-तीन मिनिटं सोडून द्या, मग बाटली खुणेपर्यंत भरा. बोट बुचाच्या आतल्या बाजूला लागलं तर ती बाटली गेली, दुसरी घ्या. घरातच उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर विष्ठेतून येणारे जंतू असण्याची शक्यता मोठी. इथे काळं होणं खरंच वाईट, सळयांसारखं नाही.

संपूर्ण रासायनिक तपासणी हवी असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या, घरची बिसलरीची धुतलेली चालत नाही, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

आता काय घ्यायचं ते. टीडीएस ५०० च्या आत, पाणी पालिकेचं, तर भीती फक्त जंतूंची आणि गढूळपणाची. त्याला यूव्ही अधिक यूएफ पुरतं, ७-८ हजारांत येतं, पाणी वाया जात नाही. पण यूव्हीला पाणी नितळ लागतं. जुलैतल्या गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या कणामागे लपतात आणि प्रकाश पोहोचत नाही. म्हणून पुढचा स्पन वेळेवर बदला. नळी निळी पेटते म्हणजे काम करते असंही नाही. सुमारे ८,००० तासांनंतर प्रकाश दिसतो, जोर राहत नाही. सतत चालू राहणारी असेल तर वर्षाला एक नळी.

उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून एक मिनिट पुरे, दहा मिनिटं उकळत ठेवायची गरज नाही. रोज १० लिटरला महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास गॅस जातो, म्हणजे १४.२ किलोचा जवळपास पाव सिलिंडर. सिलिंडर ९०० चा धरला तर २०० रुपये. घरात दोन-तीनच माणसं असतील तर मशीनपेक्षा हेच परवडतं.

टँकर. इथे मात्र तो टीडीएस मीटर कामाचा आहे, दोन-तीनशे रुपयांत घेऊन ठेवा. पालिकेचं ९२ माहीत आहे ना? टँकरचं ६०० आलं तर ते बोअरचं आहे हे नळी सोडायच्या आधीच कळेल. टँकर रिकामा करण्याआधी वॉचमनला मीटर आणि थेंब दोन्ही करायला शिकवा, वहीत तारीख, गाडी नंबर, आकडे. वही दिसली की टँकरवाला आपोआप बरं पाणी आणतो.

वऱ्हाडी_जावई
सरसकट ‘आरओ म्हणजे लूट’ असं होऊ नये म्हणून लिहितोय. कोथरूडचा न्याय सगळीकडे चालत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. मानकात मर्यादा १, जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम. पाण्यात ३ असेल तर लहान मुलांच्या दातांवर तपकिरी चट्टे येतात, पुढे हाडं-सांधे धरतात. आणि मीटरवर? त्या जादाच्या दीड मिलिग्रॅमचा मीटरवरून पत्ताही लागणार नाही. पाणी चवीला गोड, दिसायला नितळ. उकळलं तर फ्लोराइड तसंच राहतं, उलट पाणी आटून किंचित वाढतं. यूव्ही त्याला काहीच करत नाही. तिथे आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड अल्युमिना (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा फिल्टर) लागतोच. शेतीभागातल्या विहिरींच्या नायट्रेटचंही तेच, मर्यादा ४५.

गंमत अशी की जिथे खरी गरज तिथे हे टेबलवाले फिरकत नाहीत. एएमसी भरणारी घरं शहरात, धरणाच्या पाण्यावर.

पंपगल्ली
@वऱ्हाडी_जावई, मान्य. बोअरचं १,२०० असेल तर मीही आरओच सांगेन. फक्त त्याचं बाहेर पडणारं पाणी झाडांना घालू नका, ते आधीपेक्षाही खारं असतं, १,२०० चे १,६०० होतात. फरशी आणि संडासाला वापरा.

बिलपावती
पाण्याचं झालं, विक्रीच्या पद्धतीबद्दल थोडं.

छापील २१,००० हा आकडा विकण्यासाठी नसतोच, १३,५०० स्वस्त वाटावेत म्हणून असतो. एमआरपी म्हणजे कमाल किंमत, आणि ती छापतं कोण? माल बनवणारा किंवा आणणाराच. जुन्या फिल्टरचे १,५०० हेही तसंच. तो कँडलचा फिल्टर ते पुढे विकत नाहीत, कोपऱ्यावर भंगारात देतात. तुमच्या घरातली चालती पर्यायी वस्तू हलवणं हा त्याचा उपयोग. ती गेली की मागे फिरायची वाट बंद. ‘मोफत तपासणी’त तुमचं नाव, नंबर, घरात लहान मूल आहे का, हे भरून घेतात. तपासणी पाण्याची नसून गिऱ्हाइकाची असते. आणि ‘आज’ची सवलत पुढच्या रविवारी पुढच्या सोसायटीत तशीच असते.

सोपा उपाय: दारात तीन गोष्टी लेखी मागा. माझ्या पाण्यात कोणता घटक मर्यादेबाहेर आहे, कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल, आणि हे मशीन तो घटक किती कमी करतं. कंपनीच्या लेटरहेडवर. बोलून दाखवणारे लिहून देत नाहीत, कारण लिहिलं की तो पुरावा होतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. तक्रारीला १९१५ वर फोन करा. पावती, पत्रक, प्रयोगाचा व्हिडिओ जवळ ठेवा. ऑनलाइन घेत असाल तर ‘फक्त २ शिल्लक, ०९ मिनिटं बाकी’ असली खोटी घाई नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’ म्हणून नाव घेऊन दिलेली आहे.

टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला मनाई करा असं राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. दारातल्या विक्रेत्याला हे माहीत असतं. विचारून बघा, विषय बदलेल.

नवी_मुंबईकर
याच टेबलवर शॉवरला लावायचा ‘हार्ड वॉटर फिल्टर’ पण होता का? केस गळतात म्हणून दोन हजारांचा. तो चालतो का?

रसायनी
गणित करा. त्या डबीत रेझिन (पाण्याचा कठीणपणा धरणारे दाणे) मावतं फार तर २०० मिली. चांगल्यातलं चांगलं रेझिन लिटरमागे १०० ग्रॅमपर्यंत कठीणपणा धरतं, म्हणजे २०० मिलीत २० ग्रॅम. बोअरच्या जड पाण्यात लिटरला ०.४ ग्रॅम. २० भागिले ०.४ म्हणजे ५० लिटर. अडीच बादल्या! त्यानंतर मिठाच्या पाण्याने ते धुवून पुन्हा तयार करायचं, रोज. बहुतेक डब्यांत तर रेझिन नसतंच, रंगीत गोळ्या आणि कार्बन असतो. थोडा क्लोरीन काढेल, पाणी मऊ करणार नाही. आणि तुमच्याकडे धरणाचं पाणी असेल तर मऊ करायला मुळात काही नाहीच.

चौकस४१
थेंबांचं किट आणून तिन्ही ठिकाणी केलं. तळटाकीच्या इनलेटला स्वच्छ पिवळं. गच्चीच्या टाकीला अगदी फिकं, ओट्याला या वेळी काहीच नाही. एच२एसच्या बाटल्या भरून ठेवल्यात, उद्या कळेल. म्हणजे दोष टाकीत ना?

पाणतपासनीस
हो. पालिकेने क्लोरीन दिलाय, तो तुमच्या टाकीत खर्ची पडतोय, म्हणजे आत त्याला खायला काहीतरी आहे. गच्चीवर जा. झाकण बसतंय का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का (कबुतरं आणि पाली तिथूनच जातात), तळाशी गाळ किती, हे बघा.

टाकी रिकामी करून घासा, गाळ खालच्या ड्रेनने काढा, पिण्याच्या लाइनमध्ये सोडू नका. मग भरा आणि १,००० लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवून अर्धा तास ठेवा, चुना खाली बसला की फक्त वरचं नितळ पाणी ओता. रात्री वापर बंद ठेवून सगळ्यांनी नळ मिनिटभर उघडून पाणी पाइपात घ्या, सकाळपर्यंत तसंच. त्या रात्री ते पाणी कुणी प्यायचं नाही, तशी पाटी लिफ्टमध्ये लावा. सकाळी सगळं सोडून द्या, ताजं भरा, पुन्हा थेंब टाका. पावडरचा पुडा उघडा पडलेला, वास गेलेला असेल तर त्यात जोर उरलेला नसतो, नवीन आणा.

ओव्हरफ्लोची जाळी हार्डवेअरवाल्याकडे मिळते, पाइपचा व्यास मोजून न्या. तोपर्यंत उकळून प्या.